रिओची भाऊबंदकी

रिओ द जानेरोत नवख्या माणसाला नाव विचारतात, गाव विचारतात आणि लगेच तिसरा प्रश्न येतो, "तुमचा संघ कोणता?" विमानतळावरून शहरात आणणाऱ्या टॅक्सीवाल्याने तिसऱ्या प्रश्नाला यायला फार वेळ लावला नाही. त्याच्या आरशाला लाल-काळ्या आडव्या पट्ट्यांचा वीतभर सदरा लटकत होता. मी म्हणालो, अजून ठरवलेला नाही. त्याला ते पटेना. संघ कुणी ठरवत नसतं, तो घरातून मिळतो, असं तो समजावू लागला. त्याची मुलगी जन्मली तेव्हा प्रसूतिगृहातल्या खोलीच्या दारावर फ्लामेंगोचा सदरा आधी लागला. नाव काय ठेवायचं यावर घरात आठवडाभर चर्चा चालली. संघावर चर्चाच झाली नाही. हे सगळं तो गंभीरपणे सांगत होता.

मी कोल्हापूरचा, त्यामुळे त्याचं बोलणं मला परकं वाटलं नाही. आमच्याकडे "कुठल्या पेठेतला?" असं विचारतात आणि उत्तर ऐकलं की हा गडी शाहू स्टेडियमवर कुणासाठी घसा फोडणार ते कळतं. कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या तालमींनीच आमच्या गावात फुटबॉलचे संघ काढले. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही नावं तालमींची. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर येणार असले की दुपारपासून रस्त्यावर दुचाक्या आणि झेंडे दिसू लागतात. विश्वचषक आला की याच पेठा ब्राझील आणि अर्जेंटिनात वाटल्या जातात.

२०१४ ते २०१६ या काळात फ्लामेंगोचा जुना खेळाडू झिको एफसी गोवाचा प्रशिक्षक होता. तेव्हा कोल्हापुरातून पोरं गाड्या काढून फातोर्ड्याला जायची. मीही त्यांच्यात असे. समोर खेळ चाललेला असायचा आणि माझं लक्ष मात्र रेषेबाहेर उभ्या असलेल्या त्या माणसाकडे. फ्लामेंगो विरुद्ध फ्लुमिनेन्से, म्हणजे सगळं ब्राझील ज्याला फ्ला-फ्लू म्हणतं, त्या सामन्यांत सर्वाधिक गोल याच्या नावावर आहेत, असं शेजारच्याने सांगितलं. तेव्हापासून त्या वैराबद्दल मिळेल ते वाचत गेलो. रिओला आलो तो ते वैर जिथे जन्मलं त्या गल्ल्या पायी फिरायला.

फ्लामेंगो हे आधी एका किनाऱ्याचं नाव. समोर शुगरलोफचा उघडा, गुळगुळीत सुळका, मधे शांत उपसागर आणि अलीकडे भराव घालून केलेली लांबलचक बाग. रॉबर्तो बर्ले मार्क्स या उद्यानकाराचा हात तिला लागलेला आहे आणि ते जाणवतं. एकाच जातीची झाडं घोळक्याने लावलेली, त्यामुळे थोडं चाललं की सावलीचा रंग बदलतो. भरावामुळे समुद्र मागे सरकला. १८९५ मध्ये ज्या काठावर काही तरुणांनी होड्या वल्हवण्याचा क्लब काढला, तो काठ आता वाहत्या रस्त्याच्या आत राहिला आहे. क्लबच्या पूर्ण नावात आजही होड्यांच्या शर्यतीच आहेत, फुटबॉलचा उल्लेख नाही. त्या काळात रिओत प्रतिष्ठा होती ती वल्ह्यांना. रविवारी शर्यत बघायला उंची कपडे घातलेली कुटुंबं काठावर जमायची, आणि फुटबॉल हा गोऱ्या साहेबांच्या पोरांचा खेळ होता.

सकाळी त्या बागेत बसलं की रिओची माणसं निवांत पाहायला मिळतात. सत्तरीतले आजोबा उघड्या अंगाने, फक्त अर्ध्या विजारीवर धावत असतात. त्यांच्याच वयाच्या बायका पोहण्याच्या कपड्यांत शहाळं पीत गप्पा मारतात. पोट सुटलंय, कातडी लोंबतेय, याचा संकोच कुणालाच नाही. आमच्या रंकाळ्यावर पहाटे फिरायला येणारा गृहस्थ कानटोपी, स्वेटर आणि पायमोजे घालून येतो. शरीर ही लोकांपुढे न्यायची गोष्ट आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही. इथल्या लोकांचा हा मोकळेपणा मला मनापासून आवडला. मोठ्या आवाजात बोलणं, बोलताना दंडाला हात लावणं, निरोप घेऊनही पुन्हा थांबून बोलत राहणं. आणि जिकडे पाहावं तिकडे लाल-काळा सदरा: झाडूवाल्याच्या अंगात, शहाळंवाल्याच्या, बाकावर झोपलेल्या माणसाच्या.

किनाऱ्याकडे पाठ करून डोंगराच्या दिशेने निघालं की थोड्या वेळात लारांजेरास लागतं. रस्ता हळूहळू चढतो, घरं जुनी होत जातात, हवा दमट आणि गार होते. इथे मी एका वृद्ध बाईंकडे उतरलो होतो. आसपासचे सगळे त्यांना दोना म्हणत, आपल्याकडे बाईसाहेब म्हणावं तसं, म्हणून मीही तेच म्हणू लागलो. पहिल्या भेटीत मी नमस्कारासाठी हात जोडायच्या आत त्यांनी माझ्या दोन्ही गालांना गाल लावून मुका घेतल्याचा आवाज केला आणि "ये बाळा" म्हणून आत नेलं. पणजीतल्या एका वर्गात शिकलेलं पोर्तुगीज त्या घरात फार कामाला आलं. बैठकीच्या भिंतीवर फ्लुमिनेन्सेचा झेंडा होता, गर्द लाल, हिरवा आणि पांढरा. आणि खिडकीजवळच्या आरामखुर्चीच्या पाठीवर लाल-काळी शाल. खुर्ची त्यांच्या दिवंगत यजमानांची. त्या रोज ती पुसत, शाल झटकून पुन्हा तशीच घालत. मी काही विचारलं नव्हतं, तरी त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षांच्या संसारात आमच्याकडे बोलायला विषय नाही असं कधी झालं नाही."

शनिवारी दोना मला रुआ जनरल ग्लिसेरिओवरच्या बाजारात घेऊन गेल्या. गर्द झाडांच्या त्या रस्त्यावर शनिवारी भाजी-फळांचे ठेले लागतात आणि एका कोपऱ्यात बासरी, गिटार आणि कावाकिन्यो नावाचं चार तारांचं छोटं वाद्य घेऊन लोक शोरो संगीत वाजवत बसतात. पिशवी खांद्याला, हातात कोथिंबिरीची जुडी, आणि बाई तालावर मान हलवत उभी, असं दृश्य इथे सहज दिसतं. ठेल्यावर गरम तेलातून काढलेली तळहाताएवढी पास्तेल मिळते. आत चीज किंवा खिमा, वरचं आवरण पातळ आणि फोडफोडीचं. तिच्याबरोबर काय प्यायचं याला इथे पर्याय नाही: उसाचा रस. चरकातून पडणारा तो रस पाहून मला घर आठवलं, तरी तळणीबरोबर उसाचा रस प्यायची कल्पना कोल्हापुरात कुणाला सुचलेली नाही. खारट-तेलकट घास आणि त्यावर गार गोड घोट, फार छान लागतं. आम्ही रसात आलं-लिंबू पिळतो असं मी सांगितल्यावर ठेलेवाल्याने लगेच एक लिंबू कापलं आणि स्वतः चव घेऊन पाहिली.

फ्लुमिनेन्सेचं जुनं मैदान तिथून जवळच. आज मोठे सामने तिथे होत नाहीत. लहानसं, देखणं मैदान, आणि शेजारी क्लबची हवेली, तिच्या सभागृहाला रंगीत काचांच्या खिडक्या. स्वित्झर्लंडमध्ये शिकून आलेल्या ऑस्कर कॉक्स या तरुणाने मित्रांना जमवून १९०२ मध्ये क्लब काढला, तेव्हा सभासदत्व मोजक्या घरांपुरतं होतं. १९१४ मध्ये ब्राझीलचा राष्ट्रीय संघ आपला पहिला सामना याच मैदानावर खेळला, इंग्लंडच्या एक्झिटर सिटी या क्लबविरुद्ध. त्या जुन्या सज्ज्यात बसून मी बराच वेळ १९११ सालाचा विचार करत होतो.

त्या वर्षी फ्लुमिनेन्सेने शहराची स्पर्धा जिंकली आणि त्याच वर्षी घर फुटलं. कारण अगदी घरगुती होतं: संघात कोण खेळणार हे कुणी ठरवायचं? आल्बेर्तो बोर्जेर्थ हा संघातला म्होरक्या खेळाडू. मैदानाच्या समितीशी त्याचं बिनसलं. त्याच्यासह अकरातले नऊ जण उठले आणि क्लब सोडून निघाले. मागे राहिले दोघे. बोर्जेर्थ फ्लामेंगोसाठी होडीही वल्हवत असे. त्यामुळे बाहेर पडलेली ही मंडळी तिकडे गेली आणि डिसेंबर १९११ मध्ये होड्यांच्या क्लबात फुटबॉलची शाखा सुरू झाली. वल्हेकऱ्यांना त्याचं फार कौतुक नव्हतं. खेळायचं तर खेळा, पण आमचा पट्ट्यांचा सदरा घालायचा नाही, अशी अट त्यांनी घातली. मग या नऊ जणांनी लाल-काळ्या चार चौकोनांचा वेगळा सदरा शिवला. पुढे पट्टे मिळाले, पण लाल-काळ्याच्या मधे पांढरी रेघ टाकून. तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं, आणि लाल-पांढरा-काळा हे तर जर्मनीच्या झेंड्याचे रंग! पांढरी रेघ काढावी लागली आणि १९१६ मध्ये त्यांना आज दिसतो तो सदरा मिळाला.

७ जुलै १९१२ रोजी याच लारांजेरासच्या मैदानावर पहिला फ्ला-फ्लू झाला. एका बाजूला आदल्या वर्षीचे विजेते, फक्त नव्या सदऱ्यात. दुसऱ्या बाजूला जुन्या क्लबाने जुळवाजुळव करून उभा केलेला संघ. सगळ्यांना वाटत होतं, निघून गेलेले सहज जिंकतील. फ्लुमिनेन्से ३-२ ने जिंकला. दोना हा निकाल असा सांगत की जणू सामना गेल्या रविवारी झाला आहे आणि त्या स्वतः तिथे होत्या.

आपल्याकडे वाटणी होऊन वेगळा झालेला भाऊ बांधापलीकडे घर बांधतो, आणि पुढे आयुष्यभर नव्या घराची प्रत्येक खिडकी जुन्या वाड्याकडे उघडते. शेजारचा परका कितीही मोठा झाला तरी पोटात दुखत नाही. भावाने ओसरीला फरशी घातली तर झोप उडते. व्हास्को द गामा आणि बोताफोगो हेही रिओचे थोर क्लब, फ्लामेंगोचं त्यांच्याशीही जुनं वैर. तरी फ्ला-फ्लू म्हटलं की लोकांच्या बोलण्यात एक निराळी जवळीक येते, ती त्या १९११ च्या वाटणीमुळे, असं मला तिथे बसून वाटलं.

फ्लुमिनेन्सेच्या भिंतीला लागून ग्वानाबारा महाल आहे. एकेकाळी तिथे राजकन्या इझाबेल राहायची. १३ मे १८८८ रोजी गुलामगिरी रद्द करणाऱ्या कायद्यावर सही करणारी तीच. महालाच्या शेजारचं मैदान मात्र पुढची कितीतरी वर्षं गोऱ्यांचंच राहिलं. १९१४ मध्ये कार्लोस आल्बेर्तो नावाचा मिश्र वर्णाचा खेळाडू अमेरिका या क्लबाकडून फ्लुमिनेन्सेत आला. तो तोंडाला तांदळाची पूड लावायचा, घामाने ती ओघळली आणि जुन्या संघाचे प्रेक्षक "तांदळाची पूड!" म्हणून ओरडू लागले, अशी गोष्ट मारिओ फिल्यो या पत्रकाराच्या पुस्तकामुळे देशभर झाली. क्लबची बाजू अशी की दाढीनंतर पूड लावायची त्याची सवय जुनीच होती, रंग लपवण्याचा प्रश्नच नव्हता. खरं काही असो, शिवी चिकटली. प्रत्येक विरोधी संघाचे लोक ती देऊ लागले. आणि मग केव्हातरी फ्लुमिनेन्सेच्या चाहत्यांनी ती उचलून डोक्यावर घेतली: संघ मैदानात येताना तेच पांढरी पूड उधळू लागले.

मी हे दोनांच्या स्वयंपाकघरात काढलं. शनिवार, म्हणून फेजुआदा शिजत होती: काळा घेवडा आणि डुकराच्या मांसाचे तऱ्हेतऱ्हेचे तुकडे, तासन् तास मंद आचेवर. बरोबर भात, लसूण घालून परतलेली बारीक चिरलेली पालेभाजी, भाजलेल्या कसावाचं पीठ आणि संत्र्याच्या फोडी. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर वाढलेल्या जिभेला तिखट नाही हे जाणवतं, पण रस्सा इतका दाट आणि खोल चवीचा की मिरचीची आठवण फार टिकत नाही. जेवायला लेक, जावई, नातू. लेक आईकडून फ्लुमिनेन्से, जावई फ्लामेंगो, नातू आजोबांच्या खुर्चीत बसलेला. दोना म्हणाल्या, "पुडीची गोष्ट लाजिरवाणी आहे, बाळा. आम्ही ती लपवली नाही, हवेत उडवली. तुला यात काय दिसायचं ते दिसो." जावई त्यावर काही बोलला नाही, त्याने सासूबाईंच्या ताटात संत्र्याची फोड ठेवली.

फ्लामेंगोचीही शिवी आहे, ती ऐकायला मला नातवाने गाव्हेयाला नेलं. फ्लामेंगो क्लबचं घर आता रोद्रिगो दे फ्रेतास या सरोवराकाठी आहे. डोक्यावर कोर्कोवादोचा कडा आणि हात पसरलेला ख्रिस्त, खाली पाण्यावर अजूनही वल्हेकऱ्यांच्या लांब निमुळत्या होड्या. १९३६ मध्ये लेओनिदास दा सिल्वा आणि दोमिंगोस दा गिया हे दोघे कृष्णवर्णीय महान खेळाडू फ्लामेंगोत आले आणि गरीब वस्त्यांचं मन या संघाशी जोडलं गेलं. त्याआधी, मैदान नसताना, संघ रुसेलच्या किनाऱ्यावर उघड्यावर सराव करायचा आणि जाता-येता कुणीही थांबून पाहू शके, हेही जुने लोक सांगतात. खरं तर ते पहिले नऊ जणही चांगल्या घरचे. त्यांच्यात वैद्यकीचे विद्यार्थी होते. पण फाटक नसलेल्या मैदानावर खेळणारा संघ लोकांना आपला वाटला असेल तर त्यात नवल नाही. पुढे त्याच्या चाहत्यांना इतर संघांचे लोक गिधाड म्हणू लागले. काळे, गरीब, उकिरड्यावरचे, असा त्याचा अर्थ. १९६९ मध्ये बोताफोगोविरुद्धच्या सामन्याला काही तरुणांनी खरंखुरं गिधाड पकडून माराकानावर नेलं आणि पायाला झेंडा बांधून सोडलं. ते उडत जाऊन मैदानात उतरलं, स्टेडियम वेडं झालं, सामना फ्लामेंगोने २-१ ने जिंकला. एन्फिल या व्यंगचित्रकाराने गिधाडाला कागदावर आणलं आणि ते क्लबचं लाडकं चिन्ह झालं. नातवाच्या दंडावर ते गोंदलेलं होतं.

म्हणजे या दोन घरांची ओळख समोरच्यांच्या तोंडून आली आहे. एकाला हिणवलं ते गोरं दिसायला धडपडतो म्हणून, दुसऱ्याला काळा आहे म्हणून. दोन्ही शिव्यांच्या मुळाशी तोच देश, तीच गुलामगिरी. जातीवरून दिलेली नावं लोकांनी अभिमानाने मिरवायला घेतल्याची उदाहरणं आपल्याकडेही आहेत, आणि त्यामागची जखम तेवढ्याने भरत नाही हेही आपण जाणतो. ब्राझीलच्या मैदानांवर आजही कृष्णवर्णीय खेळाडूंना शिव्या ऐकाव्या लागतात. नातू या विषयावर तावातावाने बोलत राहिला आणि मला तो आवडला.

गाव्हेयाच्या त्या काठावर १९४१ च्या अंतिम फ्ला-फ्लूची गोष्टही ऐकली. फ्लुमिनेन्सेला विजेतेपदासाठी बरोबरी पुरणार होती. ते २-० ने पुढे होते, फ्लामेंगोने २-२ केले. मग फ्लुमिनेन्सेचे खेळाडू वेळ काढायला चेंडू सरळ सरोवरात मारू लागले. सांगतात की फ्लामेंगोचे वल्हेकरी पाण्यात उतरून चेंडू शोधून आणत होते. तीस वर्षांपूर्वी ज्यांच्या बिरादरीने सदरा द्यायला नकार दिला होता, तेच आता फुटबॉलच्या चेंडूसाठी ओल्या अंगाने धावत होते. बरोबरी टिकली आणि फ्लुमिनेन्से जिंकला. मला मात्र त्या सामन्यातले ते वल्हेकरीच आठवत राहतात.

माराकानाला जाण्याआधी एक दिवस तिजुकाच्या जंगलात काढला. कॉफीच्या मळ्यांनी उघडे पडलेले हे डोंगर १८६१ पासून पुन्हा लावून उभे केले आहेत. वाटेत जमिनीवर फणस फुटून पडलेले, गरे मातीत, आणि सगळीकडे आपल्या परसातला वास. पोर्तुगीज जहाजांनी फणस इकडे आणला आणि इथला काजू आपल्या कोकणात नेला. इथे फणस इतका माजला आहे की तो स्थानिक झाडांना वाढू देत नाही म्हणून वनखातं हैराण आहे. शहरात कुणी तो आवडीने खाताना फारसा दिसत नाही. संध्याकाळी दोनांकडे काजूच्या बोंडांचा रस पिताना मी हे सांगितलं, तर त्यांना काजू भारतात आहे याचंच आश्चर्य वाटलं.

माराकानाचं अधिकृत नाव पत्रकार मारिओ फिल्यो स्टेडियम. तेच, पुडीची गोष्ट लिहिणारे. क्रीडादैनिक चालवणाऱ्या या माणसाने फ्ला-फ्लूला सामन्यापेक्षा मोठं केलं. १९२५ मध्ये शहराच्या संघात या दोनच क्लबांचे खेळाडू होते, म्हणून त्या संघाला टोमण्याने फ्ला-फ्लू म्हटलं गेलं. जो शब्द एकत्र संघाचा होता तो मारिओ फिल्योंनी वैराला दिला. १९३० च्या दशकात कुणाचे चाहते जास्त रंगत आणतात याच्या स्पर्धा त्यांनी लावल्या. झेंडे, कागदी फिती, फटाके, वाद्यं हे सगळं त्यातून वाढत गेलं, आणि १९४२ मध्ये जाइमे दे कार्वाल्यो या फ्लामेंगोच्या चाहत्याने स्टेडियममध्ये पितळी बँडच आणला. मारिओ फिल्योंचे धाकटे भाऊ नेल्सन रोद्रिगेस, ब्राझीलचे मोठे नाटककार, कट्टर फ्लुमिनेन्से. पहिल्या फ्ला-फ्लूनंतर काही आठवड्यांनीच, ऑगस्ट १९१२ मध्ये त्यांचा जन्म. डोळे अधू, मैदानावरचं नीट दिसत नसे, आणि तरी या सामन्यावर त्यांनी लिहिलेले लेख लोक आजही तोंडपाठ म्हणतात. एका भावाने या भांडणाला नाव दिलं, दुसऱ्याने पुराण.

१५ डिसेंबर १९६३ रोजी याच स्टेडियमात फ्ला-फ्लू पाहायला १,९४,६०३ माणसं होती. क्लबांच्या सामन्याला एवढी गर्दी जगात दुसरीकडे नोंदलेली नाही. गोल एकही झाला नाही. फ्लामेंगोला बरोबरी पुरत होती आणि शेवटी शेवटी गोलरक्षक मार्सियालने चेंडू धरला, तो धरलेला चेंडूच विजेतेपद ठरला. दोनांचे वडील त्या दिवशी उभ्या प्रेक्षकांत, जेराल म्हणत त्या स्वस्त जागेत होते. मैदानाच्या कडेला, जवळजवळ खेळाडूंच्या पायाशी असलेली ती जागा २००५ मध्ये बंद झाली. आता सगळीकडे खुर्च्या आहेत आणि तिकीट महाग. उभं राहून पाहणारा गरीब माणूस माराकानातून गेला याची खंत मला फ्लामेंगोवाल्यांइतकीच फ्लुमिनेन्सेवाल्यांकडूनही ऐकू आली, आणि ती रास्त आहे.

सामन्याच्या दिवशी मेट्रोच्या एकाच डब्यात दोन्ही रंग होते. एक बाजू गायची, मग दुसरी. बाहेर घोड्यांवरचे पोलीस उभे होते, कारण संघटित टोळ्यांच्या मारामाऱ्या इथेही होतात, माणसं मरतात. कोल्हापुरातही सामन्यानंतर दगड उडाल्याचं मी पाहिलं आहे आणि त्या रात्री पेठेत कुणाला झोप येत नाही. म्हणूनच स्टेडियमचा मिश्र भाग पाहून मला भरून आलं. उत्तरेला सगळा लाल-काळा, दक्षिणेला तिरंगी, आणि मधे शेजारी शेजारी बसलेली घरं: बाप या रंगात, मुलगी त्या. आम्ही तिथेच बसलो, दोना एका टोकाला, नातू दुसऱ्या. या स्टेडियमचा कारभारही आता हे दोन्ही क्लब मिळून पाहतात. २०२४ मध्ये पुढच्या वीस वर्षांसाठी त्यांनी तो एकत्र घेतला. भांडून वेगळे झालेले भाऊ शंभर वर्षांनी एकाच वाड्याचं भाडं जोडीने भरतात.

संघ आले आणि दक्षिणेकडून पांढरा ढग उठला. क्षणभर मैदान दिसेना. पुडीचा वास, ढोलांचा गडगडाट, आणि त्याला उत्तर म्हणून समोरून आलेला तो प्रचंड खर्जातला आवाज. आमच्या शाहू स्टेडियमवर आवाज कडक असतो, शिट्ट्यांचा. इथला आवाज सुरात असतो. नव्वद मिनिटं लोक गात राहतात, खेळ कंटाळवाणा झाला तरी. फ्लुमिनेन्सेने गोल केला तेव्हा दोनांनी ओळखपाळख नसलेल्या तिघांना मिठ्या मारल्या. फ्लामेंगोने बरोबरी केली तेव्हा नातू माझ्या गळ्यात पडला आणि दोनांनी त्याच्याकडे न पाहता पाण्याची बाटली पुढे केली.

मध्यंतरात १९९५ निघालंच. फ्लामेंगोचं शताब्दी वर्ष. बार्सेलोनाहून आणलेला रोमारिओ, त्या वेळचा जगातला सर्वोत्तम खेळाडू. २५ जूनला विजेतेपद ठरवणारा फ्ला-फ्लू, फ्लामेंगोला बरोबरी पुरेशी. फ्लुमिनेन्से दोन गोलांनी पुढे गेला, फ्लामेंगोने दोन्ही फेडले, आणि संपायला काही मिनिटं असताना आइल्तोनने मारलेला फटका रेनातो गाउशोच्या पोटाला लागून आत गेला. ३-२. तेव्हा दोनांचे यजमान खुर्चीतून उठले, दिवा न लावता झोपायच्या खोलीत गेले. दोना त्यांच्या मागे गेल्या. "मी आनंद केला नाही," त्या म्हणाल्या, मग थोडं थांबून, "म्हणजे त्या रात्री नाही. सकाळी केला." मागच्या रांगेतला एक अनोळखी फ्लामेंगोवाला हे ऐकत होता. त्याने वाकून विचारलं, "सिन्योरा, त्यांनी काही खाल्लं होतं का त्या रात्री?" दोना म्हणाल्या, नाही. त्याने मान हलवली, "मीही नाही."

रिओ सोडण्याआधी मी सेंत्राल स्थानकातून उपनगरी गाडीने किंतिनोला गेलो, झिको जिथे वाढला त्या वस्तीत. गाडीत शेंगदाणे, चॉकलेट, मोबाइलच्या तारा विकणारे एकामागून एक येत होते आणि प्रत्येकाची हाक निराळी. किंतिनो ठेंगण्या घरांचं, उन्हाचं गाव. संत जॉर्जच्या चर्चपाशी मेणबत्त्यांचा वास, दारात खुर्च्या टाकून बसलेली माणसं. एका न्हाव्याच्या दुकानात शिरलो. भिंतीवर झिकोचा फोटो, म्हणून मी गोव्याचं सांगितलं. दाढीचा साबण लावलेलं गिऱ्हाईक खुर्चीत ताठ झालं. गोवा कुठे, तिथे फुटबॉल कोण पाहतं, गोव्याला फ्ला-फ्लू आहे का? मी म्हणालो, माझ्या गावात आहे. आणि तालमी, पेठा, पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ, सगळं सांगत गेलो. मोबाइलवर स्टेडियमचे फोटो दाखवले. न्हावी वस्तरा खाली ठेवून म्हणाला, "मी शिवाजी." साबणवाला म्हणाला, मग मी दुसरा, नाव काय ते? पा-ता-का-दील. बाकावर बसलेले दोघे इकडे-तिकडे वाटले गेले. मग त्यांनी मला विचारलं, गेल्या वेळी कोण जिंकलं होतं. आणि मी सांगताच न्हावी म्हणाला, पंच विकला गेला असणार.